कनवटीची सुपारी

रविवार, ९ नोव्हेंबर

प्रिय आक्का,

पत्र बघून घाबरू नकोस. मी ठणठणीत आहे, थंडीनं ओठ फुटलेत तेवढंच. हे पत्र पुनमच्या हाती देते आहे. पुनम म्हणजे आमच्या कंपनीतली, पिंपळे सौदागरला राहते ती. तिचं ट्रेनिंग माझ्याआधी संपलं. ती गुरुवारी इथून निघेल आणि शनिवारी चाकणला येऊन पत्र तुझ्याच हातात देईल. दुसऱ्या कुणाच्या हातात द्यायचं नाही, असं मी तिला तीनदा बजावलंय. रोज व्हिडिओ कॉल होत असताना कागद काळे करायची ही हौस कुठून आली, असं तू म्हणशील. पण आपले कॉल कसे होतात ते तुला ठाऊक आहे. फोन ऋतिकनं धरलेला असतो आणि माझ्या लेकाला आधी स्वतःचं तोंड बघायचं असतं. मागून आत्याबाई विचारतात, तिकडं ऊन पडलं का. हे टीव्हीचा आवाज कमी करत नाहीत. आणि फोन तुझ्या हातात येईपर्यंत तू म्हणतेस, "समदं बरं हाय, नीट खात जा, ठेवते." मी तुझी धाकटी जाऊ होऊन आले, त्या सोळा वर्षांत तू माझ्याशी फोनवर सलग दोन मिनिटं बोललेली नाहीस. मला तर बरंच बोलायचंय, आणि तुझ्या उत्कर्षाच्या लग्नाला आता तीनच आठवडे उरलेत. तेव्हा हे सगळं एका बैठकीत वाच. राग आला तर कागद बाजूला ठेव, पण पुन्हा उचल.

आधी इथलं सांगते, नाहीतर तू म्हणशील परदेशात जाऊन आली आणि घरचंच रामायण लावलं. गाव छोटं आहे, प्रागपासून बसनं दोन तासांवर. इथं माणसं रिकाम्या रस्त्यावर लाल सिग्नलला उभी राहतात. एक गाडी नाही, कुत्रं नाही, तरी उभी. पहिल्याच आठवड्यात मी आपल्या सवयीनं सरळ चालत सुटले, तर एका आजीनं माझ्याकडे असं काही पाहिलं, की आपल्या तळेगाव चौकात उलट्या बाजूनं ट्रक घालणाऱ्याकडेही कुणी तसं बघत नाही. लिफ्टमध्ये शिरलं की अनोळखी माणसालाही नमस्कार घालतात आणि नंतर एक अक्षर बोलत नाहीत. घरात मात्र चपला बाहेर काढतात गं! मला वाटायचं, गोरे लोक बुटांसकट पलंगावर चढतात, सिनेमात तसंच दिसतं. इथं दारातच पाहुण्यांसाठी सपातांची रांग असते. मला तेवढ्यानंही घरासारखं वाटलं. जेवण अकरा वाजता. आपल्याकडे कंपनीत त्या वेळेला चहा असतो, इथं वाफवलेल्या पावाच्या बिनमिठाच्या जाड चकत्या आणि वर रस्सा. तू दिलेली शेंगदाण्याची चटणी महिन्याभरात संपली. शेवटी डबा बोटानं पुसून खाल्ला, पुनमच्या देखत.

आणि इथं कुणी काही विचारत नाही. इतके आठवडे झाले, पण मिस्टर काय करतात, मुलं किती, एकच का, दुसऱ्याचा विचार नाही का, असं मला एका माणसानं विचारलेलं नाही. सुरुवातीला मला डोक्यावरची घागर उतरवल्यासारखं हलकं वाटलं. मग तिसऱ्या आठवड्यात वाटायला लागलं, अगं बायांनो, विचारा की कुणीतरी. बाईच्या अंगावरही काही वाचता येत नाही. गळा मोकळा, कपाळ मोकळं, हात मोकळे. कोण लग्नाची, कोण बिनलग्नाची, कोण एकटी, काही म्हणता काही कळत नाही. काहींच्या बोटात साधी अंगठी असते. पुनमनं मला सांगितलं, तेच त्यांचं मंगळसूत्र. हे अंगठीचं लक्षात ठेव, पुढे लागणार आहे.

आक्का, मी इथवर आले ती तुझ्यामुळे. हे मी तोंडावर कधी बोलले नाही, आपल्याकडे बोलत नाहीत. ऋतिक सव्वा वर्षाचा असताना मी कंपनीत जायचं म्हटलं, तेव्हा घरात दोन दिवस सासूबाईंपासून ह्यांच्यापर्यंत कुणी माझ्याशी धड बोललं नव्हतं. तिसऱ्या दिवशी तू सकाळी माझा डबा भरून ओट्यावर ठेवलास आणि आत्याबाईंना म्हणालीस, "पोराला मी बघते, तुमी फकस्त दुपारचं त्याला झोपवा." विषय संपला. वायरी जोडणाऱ्या हेल्परची मी लाइन लीडर झाले, त्या दिवशी तू पेढे वाटलेस, आणि यंदा परदेशाचं नाव निघालं तेव्हा हे गप्प बसलेले असताना तू म्हणालीस, "दिवाळीला हितं असली काय आन् नसली काय, फराळ मीच करते की." ऋतिकनं या वर्षी किल्ला केला त्याचे फोटो पाठवलेत. तुझी साडी मातीनं भरली होती. त्याच्या आईच्या साडीला माती लागायला हवी होती.

आता कामाचं थोडं सांगते, कारण त्याच्याशी पुढच्याचा संबंध आहे. गाडीत असतात त्या वायरींचे जुडगे आपण चाकणला बनवतो, तसलेच इथं बनतात, फक्त मॉडेल नवं. ते आपल्याकडे सुरू व्हायचं म्हणून आम्हाला शिकायला पाठवलं. मला शिकवणारी बाई यार्मिला. साठीला आलेली, उंच, हाडापेरानं मजबूत, आणि बोलणं अगदी मोजकं. वयानं एवढी मोठी असून मी तिला नुसत्या नावानं हाक मारते, कारण इथं तीच पद्धत. पहिले चार दिवस माझ्या जिभेवर तिचं नाव येतच नव्हतं. तिचं इंग्रजी माझ्याइतकंच मोडकं, म्हणूनच आमचं जमलं. अडलं की फोनवर भाषांतर करून दाखवतो. लाइनवर डोक्याच्या वर एक पिवळी दोरी असते. कुठं चूक दिसली की कुणीही ती ओढायची, की लाइन थांबते. आपल्याकडेही आहे दोरी. पण आपल्याकडे ती ओढायला छाती लागते. लाइन थांबली की सुपरवायझर धावत येतो, आधी कुणी ओढली ते विचारतो आणि मग का ओढली ते. त्यामुळे बारीकसारीक चूक दिसली तर आपण मान खाली घालतो, पुढचा बघेल म्हणून सोडून देतो. इथं पहिल्याच आठवड्यात माझ्यासमोरून एक पिन वाकडी असलेला जोड गेला. मला दिसला होता. मी सोडला. यार्मिलानं मागून हात लांबवला आणि दोरी ओढली. सगळी लाइन थांबली. चाळीस माणसं थांबली आणि कुणीही ओरडलं नाही. ती मला म्हणाली, चूक कुणीही केली असू दे. तुला दिसली आणि तू पुढे जाऊ दिलीस, म्हणजे आता ती तुझी. मी तेव्हा मान डोलवली. कामाचंच बोलणं वाटलं मला.

अष्टमीला मी रूमवर घट बसवल्यासारखं काहीतरी केलं होतं. घट नव्हताच, तू दिलेला देवीचा फोटो आणि समोर पणती. तू बॅगेत खणाचे दोन तुकडे, हळदकुंकू आणि पाच सुपाऱ्या घातल्या होत्यास, "लागल्या तर असू द्यावं" म्हणून. ओटी कुणाची भरायची हा प्रश्न होता. पुनमचं लग्न व्हायचंय. मग यार्मिलाच्या बोटातली अंगठी आठवली. म्हटलं, हीच आपली सवाष्ण. दुकानातून शेंडी नसलेला, गुळगुळीत टकलू नारळ आणला, तांदूळ होतेच. संध्याकाळी तिच्या घरी गेले, तिला खुर्चीवर बसवलं, कुंकू लावलं. तिच्याकडे पदर कुठला! तिनं आपला स्वेटर दोन्ही हातांनी पुढे धरला आणि मी त्यात ओटी भरली. ती हलली नाही की हसली नाही. तिचे डोळे भरून आले. मला वाटलं, परक्या माणसानं मान दिला म्हणून असेल. मी खुशीत घरी आले आणि तुला फोटो पाठवला. तू लिहिलंस, "छान केलंस, बाई गुणी दिसती."

मग दिवाळी झाली आणि उत्कर्षाचा फोन आला. तू तिला रागावू नकोस. लेक रडत होती. म्हणाली, "काकी, कन्यादानाच्या टायमाला मम्मी कार्यालयातल्या वरच्या खोलीत बसणार म्हणते. खाली येणारच न्हाई म्हणते. मी काय करू?" मी तिला काहीतरी समजूत घालून फोन ठेवला. काय समजूत घातली ते आता आठवतही नाही. साखरपुड्याच्या दुसऱ्या दिवशी याद्या करताना हे ठरलं होतं, मी होतेच की तिथं. भाऊजी राहिले नाहीत, तेव्हा काका-काकी बसणार, म्हणजे मी आणि हे. कुणी कुणाला विचारलंच नाही, आणि तूच सगळ्यात आधी म्हणालीस, "तनुजा बसंल." खोटं कशाला सांगू, मला तेव्हा बरं वाटलं. मोठेपण मिळालं असं वाटलं. दुकानात माझ्यासाठी मोरपंखी पैठणी तूच निवडलीस. दुकानदार घडी मोडत होता, तेव्हा तू ती क्षणभर स्वतःच्या खांद्यावर टाकून आरशात पाहिलंस आणि लगेच खाली ठेवलीस. मी पाहिलं होतं. पाहिलं आणि दुकानदाराला विचारलं, फॉल लावून कधी मिळेल.

गेल्या रविवारी, दोन तारखेला, यार्मिलानं मला दुपारी सोबत चलतेस का विचारलं. त्या दिवशी इथं सगळं गाव दफनभूमीत जातं, आपापल्या माणसांच्या थडग्यांवर दिवे लावायला. दिवाळीसारखीच गर्दी, पोरंटोरं, म्हातारी माणसं, हातात फुलं. फुलं कुठली, तर शेवंती. आपण दसऱ्याला देवीला वाहतो ती. एका थडग्यापाशी ती वाकली, पानं झाडली, दिवा लावला. दगडावर एका पुरुषाचं नाव होतं, खाली तिचं नाव. तिच्या जन्माचं साल कोरलेलं आणि पुढची जागा कोरी. मी चमकले. ती म्हणाली, नवरा, नऊ वर्षं झाली. माझं नावही तेव्हाच घालून घेतलं, परत कोण धावपळ करणार. आणि हसली. जिवंतपणी स्वतःचं नाव थडग्यावर वाचून हसणारी बाई मी पहिल्यांदा पाहिली. पण मला हसू येईना. अंगठी तिनं काढलीच नव्हती, एवढाच काय तो प्रकार. मी नवरा गेलेल्या बाईची ओटी भरली होती.

पहिला विचार काय आला सांगू? अरे देवा, चुकलं. पाप झालं. हा विचार आला, आक्का, त्या तसल्या जागी, तिच्या शेजारी उभं राहून. दुसरा विचार यायला थोडा वेळ लागला. अष्टमीपासून महिना होऊन गेला होता. तिच्या घरावर वीज पडली नव्हती. माझं कुंकू जागेवर होतं, हे रोज सकाळी सहाच्या शिफ्टला जात होते, ऋतिकला गणितात अठराच मार्क पडले होते, पण ते त्याच्या कर्मानं.

नंतर तिच्या घरी गेलो. तिनं कॉफी केली, तळाशी गाळ राहतो ती. खणाचा तुकडा नवऱ्याच्या फोटोखाली अंथरलेला दिसला. तांदळाची तिनं दालचिनी घालून खीर केली होती म्हणे. नारळ कसा फोडतात हे माहीत नव्हतं, म्हणून नवऱ्याच्या ड्रिल मशीननं त्याला भोकं पाडली. आणि सुपारी तिनं कोटाच्या खिशातून काढून माझ्यापुढे धरली. अक्रोड समजून अडकित्त्यासारखं काहीतरी लावून बघितलं, तर ते यंत्रच वाकलं. मग तिनं ती खिशात ठेवली आणि कामावर जाता-येता खिशात हात घालून धरून ठेवायची सवय लागली. हे एवढं कडक काय आहे आणि मला का दिलंस, असं तिनं विचारलं. मला खोटं बोलता आलं असतं, ती काय पडताळायला चाकणला येणार होती! पण मी सगळं सांगितलं. ओटी म्हणजे काय, कुणाची भरतात, कुणाची भरत नाहीत, आणि मला तुझं माहीत नव्हतं म्हणून भरली. भाषांतर तिनं दोनदा वाचलं. मग तिनं विचारलं, तुझ्या घरी अशी कोण आहे. मी म्हटलं, माझी जाऊ. जाऊ म्हणजे काय ते त्या फोनला सांगता येईना. शेवटी मी सांगितलं, दोन बायका वेगवेगळ्या घरांतून एकाच घरात येतात आणि जन्मभर एका ओट्यावर स्वयंपाक करतात, त्या एकमेकींच्या जावा. ती म्हणाली, मग सणाला तिला काय देतात. मी म्हटलं, काही नाही, ताट पुढे जातं. तर तिनं विचारलं, ताट कोण नेतं.

आक्का, आता ते लिहिते, जे चार वर्षं मी कुणाजवळ खरं बोललेले नाही. कोरोनात भाऊजी गेले, त्यांचं वर्षश्राद्ध झाल्यानंतरची पहिली संक्रांत. आपल्या घरी हळदीकुंकू होतं. वीस-बावीस बायका बसल्या होत्या. तू रांगेच्या टोकाला, पुढ्यात तिळाच्या लाडवांचं ताट घेऊन, कारण लाडू तूच केले होतेस. करंडा माझ्या हातात होता. मी एकेकीला हळद लावत, कुंकू लावत आले आणि तुझ्यापाशी आल्यावर माझा हात थांबला. तू वर पाहिलंस. मी तुला ओलांडून पलीकडच्या चिमाबाईंना कुंकू लावलं. तू लाडवांचं ताट उचललंस, म्हणालीस, "पाण्याचं बघते," आणि आत गेलीस. पाणी आधीच भरून ठेवलेलं होतं. मी माहेरी सांगताना, मैत्रिणींना सांगताना नेहमी असंच सांगत आले, की सासूबाईंनी डोळ्यांनी खुणावलं. खोटं आहे. आत्याबाई त्या वेळी अंगणात होत्या. मला कुणी सांगितलं नव्हतं, कुणी अडवलं नव्हतं. माझ्या हातानं, माझ्या मनानं मी तुला ओलांडलं. माझा डबा भरून ओट्यावर ठेवणाऱ्या बाईला. तू त्यावर कधी एक शब्द बोलली नाहीस, आणि त्याचीच मला जास्त लाज वाटते. मला माफ कर असं नुसतं लिहून भागणार नाही, म्हणून पुढचं केलं आहे.

सोमवारी जेवणाच्या सुट्टीत मी घरी फोन लावला. तिकडे साडेतीन वाजले होते, तू रानात गेली होतीस, ते बघूनच लावला. ह्यांना सांगितलं, मी कन्यादानाला बसणार नाही, आक्का बसेल. हे आधी हसले. मग म्हणाले, "लोक काय म्हणतील? आणि वहिनीला चालणार हाय का?" मी म्हटलं, लोकांचं मी बघते, वहिनीचंही बघते. आणि नसेलच पटत, तर तुम्ही एकटे बसा, बायको जिवंत असून. मग आत्याबाईंना फोन द्यायला लावला. त्यांनी माझं सगळं ऐकून घेतलं आणि फोन बंद केला. माझं त्या दिवशी कामात लक्ष नव्हतं, तीन जोड उलटे लावले आणि तीनदा स्वतःच दोरी ओढली.

दुसऱ्या दिवशी ऋतिकनं फोन लावून दिला आणि त्याला बाहेर पिटाळून आत्याबाई बोलल्या. म्हणाल्या, "लई शानी झालीस तिकडं जाऊन." मग म्हणाल्या, "तुज्या लग्नात सूनमुख कुनी बघितलं, ठावं हाय का?" आणि माझ्या डोक्यात तेव्हा कुठे उजेड पडला. माझं सूनमुख तू पाहिलंस, आक्का. आरशात माझ्या तोंडाशेजारी तुझं तोंड होतं. मामंजी आधीच गेले होते, म्हणून सासूच्या जागी तू बसलीस. सोळा वर्षांत एकदाही माझ्या मनात आलं नाही, की तेव्हा आत्याबाई कुठे होत्या. त्यांनी सांगितलं. "भटारखान्यात व्हते. बुंदी मोजीत व्हते. पोटच्या पोराच्या अक्षता म्या भिंतीआडून टाकल्या. मला कुनी इचारलं न्हाई, आन् म्याबी कुनाला इचारलं न्हाई." आणि मग म्हणाल्या, "थोरलीला, मंजुळेला म्हनावं, बस. भटजीला म्या सांगते. भावकीला बी म्याच सांगते, त्यांची मापं म्या काढलेली हायती." आत्याबाईंशी इतकी वर्षं माझं धड पटलं नाही, तुला माहीत आहे. त्या दिवशी मात्र मला त्यांच्या पाया पडावंसं वाटलं. त्या तुला स्वतःहून काही बोलणार नाहीत. माझं पत्र येईपर्यंत गप्प बसा, असं मीच त्यांना सांगितलंय.

उरले मारुंजीचे पाहुणे. उत्कर्षाच्या होणाऱ्या सासूबाईंना मी गुरुवारी फोन केला. त्या काही फार आनंदल्या नाहीत, उगाच साखर पेरून सांगत नाही. म्हणाल्या, घरात विचारते. दोन दिवस काही कळलं नाही आणि मी इथं बोटं मोडत बसले. काल त्यांचा फोन आला, की तुमच्या बाजूचं तुम्ही ठरवा, आमची हरकत नाही. मला एवढं पुरे आहे. माया पातळ का होईना, पुढे दाट होते.

म्हणजे आता सगळ्यांचं ठरलं, फक्त एक माणूस उरलं, आणि ते माणूस सगळ्यांत हट्टी आहे. तू काय म्हणणार ते मला पाठ आहे. "नगं बाई, पोरीचं चांगलं व्हायचंय, उगा इषाची परीक्षा कशाला. जोडप्यानंच बसायचं असतं." मला सांग, तुझी आई गेल्यावर तुझ्या धाकट्या बहिणीचं कन्यादान कुणी केलं? तुझ्या वडिलांनी. दादा एकटे बसले होते, धोतराच्या कनवटीला सुपारी लावून. बायको नसली की पुरुषानं सुपारी लावून बसायचं, चालतं. तूच मला किती कौतुकानं सांगितलंयस, की दादांनी सुपारी घट्ट खोचली होती आणि विधी संपेपर्यंत कनवटीवरचा हात काढला नव्हता. त्या बहिणीचा संसार सोन्यासारखा चाललाय. एका सुपारीनं तुझ्या आईची जागा भरून निघाली, मग भाऊजींची का नाही निघणार? दादा पुरुष होते आणि तू बाई आहेस, याशिवाय दुसरं कारण असेल तर मला सांग, मी ऐकेन. मला सापडलेलं नाही.

मी बावीस तारखेला उतरतेय. तेवीसला सकाळी आपल्या देवघरापुढे पाट मांडून तुला कुंकू लावणार आहे, संक्रांतीचं राहिलेलं, आत्याबाईंच्या आणि उत्कर्षाच्या समोर. तीस तारखेला मोरपंखी पैठणी तू नेसायची, तिचा फॉल तुझ्याच उंचीला लावायला मी दुकानात फोन करून सांगितलंय. मी तुझ्या मागे उभी राहीन, पाणी लागलं तर पाणी देईन. तुझ्या जागेवर मी बसणार नाही, हे नक्की. तू वर खोलीत जाऊन बसलीस, तर मीही तिथं येऊन बसेन आणि मग खाली काय होतंय ते भटजी बघून घेतील. आता पाकीट उलटं कर. तळाशी कागदाची पुडी आहे. यार्मिलानं त्या दिवशी माझी मूठ उघडून आपल्या खिशातली सुपारी माझ्या हातात ठेवली आणि म्हणाली, माझं झालं, आता तिला दे. एका एकट्या बाईनं महिनाभर कोटाच्या खिशात मुठीत धरून तिला गुळगुळीत केलंय, हात लावून बघ. हे पत्र मी त्या सुपारीसाठी लिहिलंय. दादांसारखी घट्ट खोच, आणि लेकीचा हात तू तुझ्या हातानं दे.

तू जिचं सूनमुख पाहिलंस ती,
तुझीच
तनुजा